नाथसागरांतील बेटें

बेट हा शब्द उच्चारला कीं आपल्या मनापुढें प्रथम समुद्र उभा राहतो. चोहोंकडे खारें पाणी, मध्यें नारळीचीं झाडें आणि दूर क्षितिजावर एखादें शीड, हें चित्र बहुधा आपण लहानपणीं वाचलेल्या साहसकथांतून घेतलेलें असतें. प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनीं तर बेटांना विद्यापीठाचा मान दिला आहे. १८३५ च्या सप्टेंबरांत डार्विन गालापागोस बेटांस पोंचला, तेव्हां त्याचें जहाज खोल पाण्यांत नांगर टाकून राही आणि तो होडींतून किनाऱ्यास लागे. त्याचा समकालीन वॉलेस यानें १८५४ पासून १८६२ पर्यंत मलायाच्या द्वीपसमूहांत जीं आठ वर्षें काढलीं, त्यांतील कित्येक प्रवास त्यानें तद्देशीय लोकांच्या लांकडी नावांतून केले. १८६० सालीं तर त्यानें स्वतःचीच एक लहानशी नाव विकत घेतली. आपल्याकडे, पुढें राष्ट्रसभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे ह्यूमसाहेब १८७५ सालीं पक्ष्यांच्या शोधार्थ पश्चिम किनाऱ्यावरून लक्षद्वीपापर्यंत गेले होते. ज्ञानासाठीं चाललेल्या या भटकंतीचा पुढें व्यवसाय झाला, आणि १९६६ नंतरच्या काळांत लिंडब्लाड नांवाच्या गृहस्थानें हौशी प्रवाशांच्या टोळ्या अंटार्क्टिका व गालापागोस या दोन्ही ठिकाणीं नेऊन सोडल्या.

परंतु, श्रोतेहो, आज ज्या बेटांविषयीं मला बोलावयाचें आहे तीं कोणत्याहि समुद्रांत नाहींत. ज्या मराठवाड्याचें नांव घेतांच टँकर आणि कोरड्या विहिरी डोळ्यांपुढें येतात, त्याच मराठवाड्यांत तीं आहेत. छत्रपति संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरांवर पैठण, आणि पैठणच्या वरच्या अंगास गोदावरीवर बांधलेलें जायकवाडीचें धरण. त्या धरणानें अडविलेल्या पाण्यास नाथसागर म्हणतात. त्याची लांबी सुमारें ५५ किलोमीटर, रुंदी जेथें सर्वांत अधिक तेथें सुमारें २७ किलोमीटर. धरण तुडुंब भरलें म्हणजे सुमारें ३५० चौरस किलोमीटर भूमि पाण्याखालीं जाते, आणि त्या विस्तारांत लहानमोठीं मिळून ३० च्या आसपास बेटें उघडीं राहतात. हिवाळ्यांत तेथें जाऊन लहानशा नावेंतून पक्षी पाहत हिंडणें हा शहरांतील कांहीं मंडळींचा नेम होऊन बसला आहे. मींहि हा प्रवास केला आहे, आणि माझें असें मत झालें आहे कीं या बेटांचा इतिहास ठाऊक असल्यावांचून तेथील पक्षीदेखील नीट दिसत नाहींत. गालापागोसचीं बेटें ज्वालामुखीनें घडविलीं. हीं बेटें सरकारी ठरावानें घडविलीं. त्यांचें वय पन्नाशीच्या आसपास आहे. श्रोत्यांपैकीं अनेकजण या बेटांहून वयानें वडील असतील.

पैठणचा इतिहास हा मुळांत नदीचा इतिहास आहे. सातवाहनांच्या या राजधानीचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेंत लिहिलेल्या दर्यावर्दी ग्रंथांत सांपडतो. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर हें नगर आहे आणि येथील मौल्यवान खडे गाड्यांत घालून बिकट वाटेनें बंदराकडे जातात, असें त्यांत सांगितलें आहे. सातवाहनांच्या कांहीं नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचें जहाज कोरलेलें आहे खरें, पण तें पूर्व समुद्रावरचें. पैठणच्या गोदावरीवर जहाज येणें शक्यच नव्हतें. ती पावसाळ्यांत दुथडी भरून वाहणारी आणि वैशाखांत वाळवंट होणारी नदी. उतारूंना पैलतीरीं नेणारी होडी आणि भोयांचीं जाळीं, एवढ्यांतच येथील नौकानयन बहुतेक आटपत असे.

हाल राजाच्या नांवावर असलेल्या 'गाथासप्तशती' या प्राकृत संग्रहांत हा गोदातीर पुनःपुनः येतो. त्यांतील एका गाथेंत नदीकांठच्या कुंजांत सिंह आला आहे अशी वार्ता आहे, दुसरींत कमळाच्या पानावर निश्चल बसलेली बगळी आहे. संस्कृत काव्यशास्त्र्यांनीं या दोन्ही गाथा ध्वनीचीं उदाहरणें म्हणून शतकानुशतकें चर्चिल्या. काव्यांतील सिंहावरून प्राणिशास्त्र रचूं नये हें मला कळतें. तो सिंह बहुधा एका चतुर स्त्रीच्या कल्पनेंतलाच होता. परंतु बगळीविषयीं संशय घेण्याचें कारण नाहीं. तिचे वंशज आजहि त्याच ठिकाणीं, त्याच पवित्र्यांत उभे असतात. येथें मराठी भाषेची एक गंमत सांगावीशी वाटते. आपण 'वेळूचें बेट' म्हणतों तेव्हां त्या बेटाला पाणी लागत नाहीं. दाट झाडांच्या झुबक्यासहि आपल्या भाषेंत बेटच म्हणतात. गोदाकांठीं या दुसऱ्या अर्थाचीं बेटें पूर्वापार होतीं. पहिल्या अर्थाचीं बेटें तेथें आणण्यास विसावें शतक यावें लागलें.

१५९९ सालीं एकनाथ महाराजांनीं याच नदींत देह ठेवला. जलाशयाला त्यांचें नांव मिळालें तें यथायोग्यच म्हटलें पाहिजे. त्यानंतरच्या साडेतीनशें वर्षांत पैठणच्या वरचा हा प्रदेश शेतीचा प्रदेश म्हणूनच राहिला. काळी कसदार जमीन, जोंधळा आणि कापूस, नदीकांठचे मळे, आणि दोन-तीन कोसांवर एकेक गांव. १९३१ व ३२ सालीं डॉ. सालिम अली यांनीं निजामाच्या राज्यांतील पक्ष्यांची पाहणी केली, त्या वेळीं औरंगाबाद जिल्हा त्या राज्याचाच भाग होता. त्या पाहणीच्या वेळीं नाथसागर नव्हता. आज आपल्या शहरांतील जुन्या खिजरी तलावास सालिम अलींचें नांव आहे, आणि त्यांच्या दृष्टीस त्या वेळीं न पडलेला सागर पन्नास किलोमीटरांवर आहे.

आतां धरणाकडे येऊं. ज्या जायकवाडीचें नांव धरणास आहे तें गांव धरणापाशीं नाहीं. तें बीड जिल्ह्यांत आहे. तेथें गोदावरी अडवावी अशी पहिली योजना होती. पुढें धरणाची जागा सुमारें १०० किलोमीटर वर, पैठणास, सरकली, पण कागदांवर पडलेलें नांव तसेंच राहिलें. आपल्या दफ्तरांत नांवें बदलण्यापेक्षां नद्या वळविणें सोपें असतें असें क्वचित् वाटतें. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीं कोनशिला बसविली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं धरणाचें उद्घाटन केलें. या दोन तारखांच्या मध्यें १९७२ चा दुष्काळ येतो. ज्यांनीं तो दुष्काळ पाहिला त्यांना धरणाची आवश्यकता पटवून देण्यास व्याख्यानाची गरज नव्हती.

धरणाची भिंत सुमारें १० किलोमीटर लांब असून तिला २७ दरवाजे आहेत. तिच्यामागें एकंदर १०२ टीएमसीच्या आसपास पाणी साठतें. त्यांपैकीं सुमारें २६ टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे दरवाजांच्या व कालव्यांच्या खालीं राहणारें पाणी. आंकडे कंटाळवाणे असतात, पण यांतून एक गोष्ट निघते ती फार महत्त्वाची आहे. साठ्याला क्षेत्रफळानें भागलें तर सरासरी खोली अवघी आठ मीटरांच्या आसपास येते. कोयनेसारखीं धरणें डोंगरांच्या खोल घळींत बांधलेलीं आहेत. तेथें पाणी उंच उभें राहतें. नाथसागर मात्र परातींत ओतल्यासारखा पसरलेला आहे. उथळ पाण्यांत ऊन तळापर्यंत पोंचतें, पाणवनस्पति वाढतात, त्यांच्यावर किडे, गोगलगाई व मासे पोसतात, आणि लांब पायांच्या पक्ष्यांना त्यांत उभें राहतां येतें. ज्या गुणामुळें हें धरण पक्ष्यांना मानवलें, त्याच गुणामुळें तें माणसांना महाग पडलें. उथळ धरणाखालीं जमीन फार जाते, आणि येथें गेलेली जमीन डोंगरउताराची नव्हती. नदीकांठची, पिकती जमीन होती. शंभराहून अधिक गांवांना या पाण्याची झळ लागली.

विस्थापितांची कथा थोडक्यांत सांगून पुढें जाणें मला अयोग्य वाटतें, कारण बेटांच्या इतिहासाचा गाभा तोच आहे. जमीन घेतली गेली ती १८९४ च्या इंग्रजी अमदानींतील भूमिसंपादन कायद्याखालीं. त्या कायद्याची दृष्टि सरळ होती: जमिनीची किंमत ठरवावी, रोख रक्कम हातावर ठेवावी, आणि कब्जा घ्यावा. परंतु गांव म्हणजे जमिनीच्या तुकड्यांची बेरीज नव्हे. पार, पाणवठा, बलुत्याचे संबंध, मारुतीचें देऊळ, वाटेकऱ्यानें कसलेलें दुसऱ्याचें शेत, भोयाचा नदीवरील हक्क, यांची किंमत त्या तक्त्यांत कोठें मांडावयाची? ज्याच्या नांवावर सातबारा नाहीं त्याला भरपाई कसली? धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रानें केला तो १९७६ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं नाथसागराचें उद्घाटन झालें त्याच वर्षीं. पाणी आधीं चढलें आणि कायदा मागून आला. डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर असे दोन लांब हात धरणानें पूर्वेकडे पसरले, जालना, परभणी, बीड या जिल्ह्यांतील शेतें ओलीं झालीं, आपल्या शहराचे नळ आणि कारखाने चालू लागले. ज्यांचीं शेतें बुडालीं ते धरणाच्या वरच्या अंगास होते, आणि कालवा हा नेहमींच खालच्या अंगास वाहतो.

बेटें झालीं तीं अशीं. पाणी चढूं लागलें तेव्हां सपाट रानें प्रथम गेलीं, मग पांढरी, म्हणजे गांवठाणें, गेलीं. आणि जीं टेकाडें कोणी नांगरलीं नव्हतीं, जेथें गुरें चरत, तेवढीं शिल्लक राहिलीं. ज्या भूमीस शेतकरी निरुपयोगी म्हणत असे तीच तेवढी पाण्यावर राहिली. तिच्यावर बाभळी वाढल्या आणि ती पक्ष्यांची वसाहत झाली.

जगांत असा प्रकार पूर्वींहि घडलेला आहे. पनामाचा कालवा खोदतांना तेथील शाग्रेस नदी अडवून एक विस्तीर्ण सरोवर केलें गेलें. १९१४ च्या सुमारास तें भरलें आणि एका डोंगराचा माथा पाण्यांत एकटा पडला. बारो कोलोराडो हें त्याचें नांव. १९२३ पासून तें अभ्यासासाठीं राखून ठेवलेलें आहे, आणि शास्त्रज्ञ होड्यांनीं तेथें जा-ये करतात. तेथें असें आढळलें कीं मूळच्या घनदाट जंगलांतले कित्येक पक्षी पुढील दशकांत एकेक करून बेटावरून नाहींसे झाले. जागा अपुरी पडली आणि उघड्या पाण्यावरून उडून येण्याचा त्यांना सराव नव्हता. नाथसागराची गोष्ट नेमकी उलटी आहे. येथें जंगल नव्हतेंच, म्हणून पाण्यानें पक्षी घालविले थोडे आणि आणले पुष्कळ. येथें बेघर झालीं तीं माणसें. दोन्ही ठिकाणच्या बेटांची घडण एकच, पण जमाखर्चाचीं पानें निराळीं.

या बेटांकडे जावयाचें तर पहाटे निघावें. सूर्य वर आला कीं पाण्यावर वारा उठतो, लहान नाव हेलकावे खाऊं लागते आणि दुर्बीण हातांत स्थिर राहत नाहीं. आमची नाव पांच माणसांची, वल्ह्यांची होती. इंजिनाची घेतली असती तर दुप्पट फिरतां आलें असतें; पण इंजिनाच्या आवाजानें बदकांचे थवे अर्ध्या किलोमीटरावरूनच उठतात, आणि पक्षी पाहावयास जाऊन त्यांच्या पाठी तेवढ्या पाहून परत यावें लागतें. वल्ह्यांनीं जाणाऱ्या नावेस पक्षी कोळ्याची नाव समजतात आणि तिची भीति बाळगीत नाहींत. ही लहान नावेची खरी थोरवी आहे. धुकें विरूं लागलें तसे प्रथम वारकरी दिसले. श्रोत्यांनीं गैरसमज करून घेऊं नये. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या एका पाणपक्ष्यास आपल्याकडे वारकरी म्हणतात. शेंकडोंच्या दिंडीनें ते पोहत होते. नाथांच्या पाण्यांत वारकरी असावेत यांत नवल तें काय! त्यांच्यामागें शेपटीस तरवारीचें टोंक असलेलीं तलवार बदकें, रुंद चोचीचे थापटे, आणि काठाच्या चिखलांत जोडीजोडीनें चक्रवाक. चक्रवाकांची जोडी रात्रीं विरह भोगते असें आपले कवि सांगतात. दिवसा तरी ती एकमेकांस सोडून दोन हात लांब जात नव्हती.

एका बेटाच्या उतारावर पट्टकादंबांचा थवा उतरलेला होता. डोक्याच्या मागें दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेट व मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. त्याच्या दृष्टीनें विचार केला तर मजा वाटते. एवढे उंच पर्वत लंघून तो ज्या मुक्कामीं येतो तो मुक्काम त्याच्या पणज्यानें पाहिलेला नव्हता. येथें तेव्हां जोंधळा डुलत होता. नव्या पाण्याची वार्ता पक्ष्यांत कशी पसरते, कोण पुढें जाऊन टेहळणी करतो, हें कोडें मला पक्ष्यांच्या रंगांपेक्षां अधिक आकर्षक वाटतें. सरोवराच्या उथळ टोंकांस रोहित पक्षीहि येतात. लांब गुलाबी पाय, पाण्यांत उलटी धरलेली चोंच. एकंदर दोनशेंहून अधिक जातींचे पक्षी येथें नोंदले गेले असून त्यांतील सुमारें ७० जाती परदेशांतून येणाऱ्या पाहुण्यांच्या आहेत.

बेटाजवळ पाणी शांत होतें. मीं नावाड्यास विचारलें, "मामा, येथें पाणी किती खोल असेल?"

नावाडी साठीच्या पुढचा होता. धरण भरलें तेव्हां तो दहा-बारा वर्षांचा असावा. त्यानें वल्हें पाण्याबाहेर काढून धरलें आणि म्हणाला, "मारुतीच्या देवळावर दोन पुरुष असंल, साहेब."

क्षणभर मला त्याचें मोजमाप कळेना. मग त्यानें हातानें दाखविलें: येथें देऊळ, तिकडे शाळेची खोली, आणि आमच्या नावेच्या उजव्या अंगास एक विहीर, जिच्यावर त्याच्या आजाची मोट चाले. "आन् हे जे बेट म्हंता तुम्ही," तो म्हणाला, "हितं आम्ही शेरडं चारायचो." पट्टकादंब ज्या उतारावर बसले होते तो त्याच्या लेखीं शेरडांचा माळ होता. आमच्यांतील एक गृहस्थ, फार तज्ज्ञ पक्षिनिरीक्षक, वहींत आंकडे टिपण्यांत गढलेले होते; त्यांनीं मान वर करून विचारलें, "मामा, जरा डावीकडे घ्या, तिकडचे पक्षी दिसत नाहींत." मामांनीं नाव डावीकडे घेतली.

उन्हाळ्यांत हें सर्व चित्र पालटतें. पाणी उतरूं लागलें म्हणजे जुन्या विहिरींचीं तोंडें, देवळांचे चौथरे, घरांचीं जोतीं वर येतात. २०१६ च्या उन्हाळ्यांत जलाशय मृतसाठ्याच्याहि खालीं गेला होता. पाण्यानें दिलेलें बेटपण पाणी परत घेतें, हा या बेटांचा मोठाच विशेष आहे. नदीसुरय हा पक्षी उघड्या जमिनीवर, वाळूंत किंवा खड्यांत, अंडीं घालतो, आणि त्याचा विणीचा काळ मुख्यतः मार्च ते मे असा आहे. भोंवतीं पाणी आहे तोंवर त्या अंड्यांना कोल्ह्याकुत्र्यांचें भय नाहीं. परंतु नेमक्या त्याच महिन्यांत पाणी ओसरतें, बेट काठास चिकटतें, आणि रात्रींतून त्याचा संरक्षक खंदक नाहींसा होतो. हें पाणी किती वेगानें उतरावें हें ठरतें तें ऊन, कालव्यांचीं आवर्तनें, शहरांचे नळ आणि नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील वरचीं धरणें यांच्यावर. २००५ च्या कायद्यानें समन्यायी पाणीवाटपाचें तत्त्व आलें, आणि तेव्हांपासून वरच्या धरणांतून खालीं पाणी सोडावें कीं नाहीं यावर दर तुटीच्या वर्षीं वाद, मोर्चे आणि न्यायालयीन लढे होत आले आहेत. त्या वादांत ऊस बोलतो, द्राक्षें बोलतात, कारखाने बोलतात. सुरयाच्या अंड्यांचें म्हणणें अद्याप कोणी मांडल्याचें माझ्या ऐकण्यांत नाहीं.

पाणी हटल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळावर शेतकरी पेरणी करतात. तिला गाळपेर म्हणतात. हा गाळ सोन्यासारखा पिकतो. १९८६ सालीं शासनानें सुमारें ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केलें, आणि तेव्हांपासून हा पेरा, पाणी उपसणारे पंप, मासेमारी, सर्वच वन्यजीव कायद्याच्या छायेंत आलें. पक्षिप्रेमी मंडळींत कधीं कधीं असा सूर निघतो कीं जाळीं आणि गाळपेर दोन्ही एकदमच बंद करावीं. जाळ्यांत पक्षी अडकतात, पिकांवरील विषारी औषधें पाण्यांत उतरतात, शिकारहि होते. हें सर्व खरें आहे, आणि शिकाऱ्याची बाजू मी कदापि घेणार नाहीं. परंतु गाळपेर करणाऱ्यास 'अतिक्रमण करणारा' म्हणतांना आपण थोडें थबकलें पाहिजे. ज्या भूमीवर त्याचा बाप मालक म्हणून पेरीत होता, तिच्यावर तो आतां वर्षांतून चार महिने पाण्याच्या मर्जीनें पेरतो. आणि ज्यांना जमीनच नव्हती त्या भोई-कहारांस तर या पाण्याखेरीज दुसरें शेत नाहीं.

या पाण्यावर लहान नाव हांकणें आमच्यासारख्यांस एका सकाळीची मौज होती. काठच्या कित्येक वस्त्यांना ती रोजची अडचण आहे. धरणाच्या फुगवट्यानें वाटा तुटल्या आणि पूल झाले नाहींत, तेथें थर्माकोलच्या तुकड्यांचा 'चप्पू' हेंच वाहन. २०२३ सालीं गंगापूर तालुक्यांतील भिव धानोरा येथील शाळकरी मुलांचें वृत्त छापून आलें तें श्रोत्यांस स्मरत असेल. थर्माकोलच्या पातळ तक्त्यावर बसून, फळीनें पाणी मारीत, तीं मुलें शाळेस जात. पाण्यांतल्या सापांसाठीं हातांत काठी असे. नाथसागरांतल्या बेटांची वर्णनें करतांना 'दुर्गम' हें विशेषण आपण हौसेनें वापरतों. त्याचा खरा अर्थ त्या मुलांना विचारावा.

आणि आतां या पाण्यावर एक तिसरी वस्ती यावयाची आहे. जलाशयाच्या पृष्ठावर सौर विजेचीं तावदानें तरंगत ठेवण्याचा मोठा प्रकल्प योजिला गेला. त्याविरुद्ध कहार समाजाच्या पंच समितीनें दाद मागितली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ती मान्य केली नाहीं, आणि २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि प्रकल्पांत हस्तक्षेप करण्याचें नाकारलें. कोळसा न जाळतां वीज मिळावी हें कोणास नको आहे? झांकलेल्या पाण्याची वाफ कमी होते, हेंहि मराठवाड्यांत क्षुल्लक मानतां येणार नाहीं. माझा प्रश्न साधा, जागेपुरता आहे. परातीसारख्या या सागरांत उथळ पाणी काठांशीं आणि बेटांभोंवतीं आहे. बदकें तेथें चरतात, रोहित तेथें उभे राहतात, आणि भोयाचें जाळेंहि तेथेंच पडतें, कारण मासा तेथेंच येतो. तावदानें खोल पाण्यांत, धरणाच्या भिंतीकडे राहिलीं तर गोष्ट निराळी, आणि वरच्या उथळ अंगास आलीं तर निराळी. तावदानांचा नकाशा आंखतील त्यांनीं एकदां पहाटे, वल्ह्यांच्या नावेंतून, अशाच एखाद्या मामांस बरोबर घेऊन, कोठें किती पुरुष पाणी आहे तें विचारून घ्यावें.